आप्पासोनं ठोकलेली पिन

जेवण झाल्या झाल्या बाकावर कामाला बसू नये, हे उद्यमनगरातल्या गॅरेजांत कुणीही सांगेल. राजेसाहेब शिकलगार तरी बसतो आणि मग व्हायचं तेच होतं. हातोडा मांडीवर येतो, डोळे जड होतात, वाइसच्या लोखंडी जबड्यात धरलेला डिस्ट्रिब्युटर कधी एक दिसतो, कधी दोन. जुन्या ऑस्टिनच्या इंजिनाला ठिणग्या वाटून देणारा हा डबा. त्याच्या दांड्याला खाली एक गिअर आहे आणि गिअरमधून आरपार एक आडवी पिन. पिन निघाली तर दांडा निघेल, दांड्याभोवतीचं झिजलेलं बुश बदलता येईल आणि गाडी चालेल. पिन मात्र जागची हलत नाही. जास्त जोर लावावा तर गिअर तडकेल, आणि तसला गिअर आता बाजारात शोधून सापडायचा नाही.

गाडी आप्पासो लोहारची. तो जाऊन वर्ष होत आलं. दोघांचं गॅरेज, दोघांचा एक बाक, बाकाच्या दोन बाजूंना दोन स्टुलं. आता त्याची बायको, शालनवहिनी, स्पष्ट बोलल्या आहेत. रविवारी ह्या गाडीतनं जोतिबाला जायचं, नाहीतर सोमवारी सांगलीचं गिऱ्हाईक ती ओढून नेईल. "माणूस गेला. त्याची बंद गाडी किती दिवस पुसत बसू, भावजी?" राजेसाहेबला ह्यात खोट काढता आली नाही. पण गाडी गेली तर आप्पा दुसऱ्यांदा जाईल, असं त्याला वाटतं.

"घोराय लागलास व्हय?"

आप्पासो समोर बसलाय. तेच अर्ध्या बाह्यांचं बनियन, तीच चुन्याची डबी. राजेसाहेबला नवल वाटत नाही. उशीर केला म्हणून थोडा रागच येतो.

"चार दिस झालं ठोकालोय," तो म्हणतो. "कसली पिन घातलीयास ही?"

"चांगली घातलीया."

बाक रंकाळ्याच्या काठावर आहे. पाणी घोट्यापर्यंत आलंय आणि पाण्यात नटबोल्ट चमकतात. आप्पासो वाकून एक उचलतो, बघतो, परत टाकतो.

"माझी पिन कशी असती, सांग."

"एका टोकाला केसभर जाड. ढिली होऊ नये म्हणून तू हातानं घासायचास."

"आणि?"

"आणि ठोकल्यावर दोन्ही टोकं सपाट करायचास. जाड कुठलं, बारीक कुठलं, बघून देवालाबी कळू नये."

"देवाला कळंल," आप्पासो म्हणतो. "तुला कळंना झालंय."

आता शालनवहिनींचं स्वयंपाकघर आहे. वाइस कट्ट्यावर बसवलाय आणि शेजारी पांढऱ्या रश्शाला उकळी आलीय. आप्पासो तंबाखू मळतो. चुना कट्ट्याला लागतो, पातेल्याच्या झाकणाला लागतो. कुठून तरी वहिनी ओरडतात, "ह्यांचा चुना!" जन्मभर हेच ओरडत आल्या त्या. दोघंही खाली मान घालतात.

"आपल्यात खोलायचं कुणी?" आप्पासो हळूच विचारतो.

"मी."

"बसवायचं?"

"तू."

"मग आज कुणाच्या स्टुलावर बसून खोलालाईस?"

राजेसाहेब खाली बघतो. स्टूल आप्पासोचं आहे. वर्षभर तो त्याच्यावरच बसतोय. स्वतःच्या जागी बसलं की समोरचं रिकामं स्टूल दिसतं, आणि ते त्याला बघवत नाही. एवढीच गोष्ट. कुणाला सांगितली नाही, स्वतःलाही नाही.

"जाड टोक माझ्या बाजूला. हितनं मारलास तर ती आतच जायची की, मर्दा," आप्पासो म्हणतो. "चार दिस तू माझी पिन आणि घट्ट करालाईस."

जोतिबाचा घाट चढतोय. ऑस्टिनला इंजिन नाही, तरी ती चढते. बाक मागच्या सीटवर आहे. आप्पासो डबीत बोट बुडवतो आणि पिनेच्या पलीकडच्या तोंडाला टेकवतो.

"हितनं मार. तुझ्या जागंवरनं."

"आणि हिकडनं पिनेला टेकू द्यायला ठोकळा कोण धरणार? तूच धरायचास."

"शालनला धराय सांग. तिचा हात माझ्यापरास घट्ट हाय."

"आप्पा, तू बस की जरा."

"जागा दे की मग," आप्पासो म्हणतो आणि हसतो. वळणावर ऊन एकदम डोळ्यांत येतं.

"भावजी, च्या निवालाय."

शालनवहिनी कपबशी घेऊन उभ्या आहेत. दारातून ऊन थेट बाकावर आलंय. राजेसाहेब डोळे चोळतो आणि वाकून वाइसच्या पलीकडे बघतो. पिनेच्या तोंडावर पांढरा ठिपका आहे. बोट लावलं तर ओला. राजेसाहेब तंबाखू खात नाही. वहिनी तर नाहीच नाही.

तो उठतो, बाकाला वळसा घालून स्वतःच्या जुन्या स्टुलावरची धूळ फडक्यानं झटकतो आणि बसतो.

"वहिनी, तुम्ही तिथं बसा. हा लोखंडी ठोकळा पिनेमागं घट्ट धरा. पिनेच्या भोकासमोर ठोकळ्याचं भोक."

वहिनी नवऱ्याच्या स्टुलाकडे जरा वेळ बघतात. मग पदर खोचून बसतात. ठोकळा असा धरतात, जणू रोजचंच काम आहे.

पहिल्या घावाला काही नाही. दुसऱ्याला आवाज बदलतो. तिसऱ्याला पिन सरकते आणि ठोकळ्याच्या भोकातून वहिनींच्या हातात येते.

"निघाली की," त्या म्हणतात. "मग रविवारी?"

"रविवारी," राजेसाहेब म्हणतो.

वहिनी पिन उलटसुलट करून बघतात. बोट पांढरं होतं. "ह्यांचा चुना," त्या सवयीनं वैतागतात आणि बोट पदराला पुसतात. मग त्या पदरावरच्या डागाकडे बघत बसतात. राजेसाहेब मान खाली घालून दांडा सोडवायला घेतो.