काळ्या नाडीचं बोचकं

नवऱ्याला सांगितलं नाही. पोटच्या पोरांना नाही. देवापुढं हात जोडले की तेवढं वगळून पुढं जायची — त्याला काय, सगळं ठाऊकच असतं, असं म्हणून. तुला सांगते. तू कोण, कुठल्या गावचं माणूस, मला माहीत नाही. म्हणून कदाचित जमेल. मध्येच मी भलतीकडं वळले तर वळू दे. सरळ तिथं जायला पाय उचलत नाही.

गोष्ट चिंध्यांची आहे. हस हवं तर. पण आमच्याकडं — मुरबाडहून माळशेजच्या वाटेला, टोकावड्याच्या अलीकडं आमचं गाव — तेव्हा चिंधीला काय मोल होतं ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लढाईचे दिवस. कापड कंट्रोलवर. लुगडं मिळायचं ते कार्डावर, तेही नशिबात असलं तर. दोऱ्याची रिळं तर दिसेनाशीच झाली. फाटलं ते सांधायचं, सांधून विटलं की त्याची गोधडी, गोधडी विरली की पोतेरं. घरातला कापडाचा तुकडा घराबाहेर जायचा नाही.

हे सगळं सांभाळायची माझी थोरली जाऊ, येसूबाय. माजघराच्या मागच्या भिंतीला आडवा बांबू टांगलेला, त्याला ओळीनं बोचकी. आणि प्रत्येक बोचक्याला वेगळी नाडी. लाल नाडीत सासूबाईंची जुनी मऊ लुगडी — सासूबाईंना आम्ही आत्याबाय म्हणायचो. पांढऱ्या नाडीत धुतलेल्या चिंध्या, लहान वेगळ्या, मोठ्या वेगळ्या. सुतळीत पुरुषांचे फाटके सदरे, बटणं आधीच काढून डब्यात टाकलेली. सुया बांबूच्या नळकांड्यात, पावसाळ्यात गंजू नयेत म्हणून तेलाच्या फडक्यात खोवून. विरलेल्या लुगड्याचे काठ उसवून ती दोरा काढायची आणि बांबूच्या कामटीवर गुंडाळून ठेवायची. बोचक्याबोचक्यात निगडीचा पाला, कसर लागू नये म्हणून. अंधारात हात घातला तरी हवं ते हाताला लागायचं.

आणि अगदी टोकाला, बाकीच्यांपासून हातभर लांब, एक बोचकं काळ्या नाडीचं. जुन्या छत्रीच्या कापडाची ती नाडी. त्यात तिच्या नवऱ्याचं सणासुदीचं धोतर होतं, निळ्या काठाचं. थोरले दीर सिद्धगडाच्या जंगलात लाकूडतोडीला गेले आणि झाड अंगावर आलं. असं अवचित गेलेल्या माणसाचं कापड आमच्यात कुणी वापरत नाही. तान्ह्या पोराच्या तर वाऱ्यालाही आणत नाहीत. आत्याबाय जाळायलाच निघाल्या होत्या. येसूबायनं पाय धरले तेव्हा म्हणाल्या, "ठेव. पन येगळं ठेव." तिच्या पोटी मूलबाळ नव्हतं. नवऱ्याचं म्हणून घरात तेवढंच उरलं होतं.

आणि मी? मी पसारेबाई. सुई कुडात खोचायची आणि मग घरभर शोधत फिरायची. कात्री उगाच रिकामी वाजवायची — "भांडणं लागतील गो!" म्हणून ती ओरडायची. ती स्वतः सुई कधी हातात द्यायची नाही. जमिनीवर ठेवायची, मग मी उचलायची. हातोहात सुई दिली की दोघींत वैर येतं म्हणतात. मला तिच्या त्या शिस्तीचा राग यायचा. खरं सांगते, फार यायचा. घरात काही लागलं की आत्याबाय म्हणणार, "येसूला इचार." मीठ येसूला विचार, बियाणं येसूला विचार. मग मी कोण? मी सवाष्ण, मी धाकटी लाडकी म्हणून आलेली — माझं नाव कुणी घ्यायचं नाही?

असा राग असला म्हणजे माणूस वाईट असतं का? नसेल. राग बाजूलाच ठेव. मी केलं ते रागानं केलंच नाही.

मला मुलगी झाली. माहेरी करणारं कुणी नव्हतं. माझी आई मी रांगत होते तेव्हाच गेली, मला तिचा चेहरासुद्धा आठवत नाही. म्हणून बाळंतपण सासरीच झालं. आणि ते केलं कुणी? येसूबायनं. माझं अंग तिनं चोळलं, शेक तिनं दिला, बाळाचे लंगोट तिनं धुतले. पोरीचं नाव सोनी ठेवलं. आमच्यात मूल जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही शिवत नाहीत, त्यामुळं मी उठून बसायला लागल्यावर गोधडीचं निघालं. पावसाळा तोंडावर होता. वरचे दोन्ही पदर आत्याबायच्या लुगड्याचे — पाच पोरं जगवलेल्या बाईचं लुगडं, त्यातलं आयुष्य बाळाला लागतं म्हणतात. कापड येसूबायनं बेतून दिलं, पण बाळाच्या गोधडीला आपला टाका नको म्हणून ती स्वतःहून लांब राहिली. कुणी सांगितलं नव्हतं तिला. आतल्या थरासाठी तिनं पांढऱ्या नाडीतल्या चिंध्या निवडून माझ्यापुढं ठेवल्या. "काठाला काठ लावून पसर गो धाकटे, गाठ ऱ्हायली तर पोरीला टोचंल." आणि सगळी राबाच्या कामाला, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला, शेतावर गेली.

तुला कधी चिंध्यांचा थर लावावा लागलाय? तळहाताएवढे तुकडे. एक नीट बसवावा तर दुसरा सरकतो. सोनी रडत होती. मी दोनदा लावला, दोनदा विस्कटला. मला तर सगळं तेव्हाच्या तेव्हा व्हायला हवं — पी हळद अन् हो गोरी. आणि मान वर केली तर समोर ते बोचकं.

मला माहीत होतं. हे आधीच सांगते, नाहीतर तू म्हणशील, पोरवय होतं, चुकून झालं. चुकून नाही. काळी नाडी कशाची ते मला माहीत होतं, आत काय आहे तेही माहीत होतं. पण धोतर म्हणजे एकसंध, रुंद, मऊ कापड! एक घडी घातली की थर तयार. आत जाणार, वरून लुगड्याचे पदर येणार — कुणाला दिसतंय? मी काढलं. पसरलं. धावदोरा घालत सुटले आणि उन्हं कलायच्या आत गोधडी उरकली. उरलेल्या चिंध्या कुठं ठेवू? त्याच बोचक्यात कोंबल्या, आकार दिसावा म्हणून, आणि काळी नाडी बांधून टाकली.

संध्याकाळी येसूबाय त्या भिंतीपाशी थांबली. माझी गाठ ढिली होती. तिनं ती सोडली नाही, तशीच आवळली आणि माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं असेल, हिनं डोकावून बघितलं. मग ती चुलीकडं गेली.

गोधडी छान झाली होती, सगळ्यांनी म्हटलं. सोनी तिच्यात गाढ झोपायची.

श्रावणात सोनीला ताप भरला. उतरेना. गोधडी ओली व्हायची, वाळायला ऊन कुठलं, म्हणून चुलीवर दोरीला टाकायचो. एक दिवस ठिणगी उडाली आणि वरच्या पदराला भोक पडलं. आत्याबाय ठिगळ लावायला बसल्या. जळका भाग उसवला. मी पोर मांडीवर घेऊन समोरच होते. त्यांचा हात थांबला. भोकातून निळा काठ दिसत होता.

"ह्यो काठ कुनाचा?" त्या म्हणाल्या. आवाज एवढासा. मग त्यांनी सगळी गोधडीच टराटरा फाडली.

मग काय झालं असेल ते तुला सांगायला हवं का? बोचकी कुणाच्या हाताखाली? येसूबायच्या. चिंध्या कुणी काढून दिल्या? येसूबायनं. धोतर कुणाच्या नवऱ्याचं? तिच्याच. आत्याबाय वाईट नव्हत्या, नात मरणाला टेकलेली बघून त्यांचा तोल गेला. म्हणाल्या, "सोताची कूस रिकामी, म्हून दुसरीचं बघवंना तुला!" येसूबाय दारात उभी. "आत्याबाय, देवाशपथ, मी नाय..." एवढंच. मग आत्याबाय माझ्याकडं वळल्या.

"तुला हिनंच काढून दिलं ना गो?"

आलं. इथंच यायचं होतं मला, आणि इथंच बसून राहावंसं वाटत नाही.

मी मान हलवली. हो म्हणून. तोंडानं बोललेसुद्धा नाही. एवढी मान हलली आणि माझ्यापुरतं संकट टळलं. घाबरले होते का? होते. पण काय म्हणायचं होतं मला? "नाही, मी घेतलं." तीन शब्द. पोर मांडीवर जिवंत होती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सोनी गेली. आकडी आली आणि गेली.

पुढं कितीतरी वर्षांनी कळलं मला, तापानं पोरं जातात, कापडानं नाही. तू ते म्हणायला तोंड उघडलं असशील, म्हणून आधीच सांगते — त्यानं काही फरक पडत नाही. मी तेव्हा मानत होते. त्या धोतरानंच माझी पोर गेली, असं मी अगदी मनापासून मानत होते. आणि तसं मानून ते मरण मी दुसरीच्या कपाळी मारलं. मी रडत होते, गावच्या बाया मला धरत होत्या, आणि येसूबायला कुणी घोटभर पाणी विचारत नव्हतं. मला मात्र सगळ्यांची माया मिळाली. मी ती घेतली.

आत्याबायनं धोतर जाळलं. येसूबायच्या भावाला निरोप धाडला. तिचं माहेर शहापूरच्या पलीकडं, कसाऱ्याच्या अंगाला. भाऊ आला, ओटीवर बसला, पाणीसुद्धा घेतलं नाही त्यानं. आणि ती मला म्हणाली, "धाकटे, हिकडं ये."

मला वाटलं, आता बोलणार. केस धरणार माझे. बरं झालं असतं. पण ती मला बोचक्यांपाशी घेऊन गेली. "लाल आत्याबायची. सफेद चिंध्यांची — मोठ्या येगळ्या ठेव, मिसळू नको. पाला दर पावसाआधी बदल." एकेकाला हात लावत सांगत होती. टोकाशी आली. काळी नाडी तिनं सोडली, बोचकं उघडलं.

आत चिंध्या होत्या. तिनं स्वतः निवडून माझ्यापुढं ठेवलेल्या, त्याच. तळहाताएवढ्या.

बाहेर ओटीवर आत्याबाय होत्या, भाऊ होता, माझा नवरा होता. ते बोचकं तसंच उचलून दारात नेलं असतं तर? ही बघा माझी निवडलेली चिंधी, ही हितं कशी आली? — एवढंच विचारायचं होतं. त्या घरात राहायचा हक्क तिच्या हातात होता त्या वेळी. मी भिंतीला टेकून उभी. खाली बघत.

तिनं एकेक चिंधी सरळ केली. लहान वेगळ्या, मोठ्या वेगळ्या. पांढऱ्या नाडीच्या बोचक्यात ठेवून दिल्या. काळी नाडी घडी करून कनवटीला लावली. ती तेवढी नेली तिनं. मग सुयांचं नळकांडं काढलं. मी हात पुढं केला होता, मला आठवतंय. तिनं माझ्या हातात दिलं नाही. खाली वाकून जमिनीवर ठेवलं, आणि मी उचलायची वाट बघत उभी राहिली.

मी उचललं. मग ती गेली.

का बोलली नाही ती? माहीत नाही. माझी पोर गेली म्हणून? मी विचारलं नाही. विचारायला माणूस पाठवला नाही, स्वतः गेले नाही. शहापूरच्या बाजारला पुढं कितीदा गेले, तिथून तिचं गाव चालत जाण्याएवढं — गेले नाही. भावाच्या ओसरीवर राहून लोकांच्या गोधड्या शिवते, असं कळायचं. बाळाच्या गोधड्या तिच्याकडं कुणी देत नाही, हेही कळायचं. आमच्या घरची गोष्ट माझ्याआधी तिथं पोचली होती. मग एक दिवस कळलं, येसूबाय गेली. आत्याबायनं आंघोळ केली, मीही केली.

आता भिंतीवरची बोचकी मी लावते. लाल, पांढरी, सुतळी. पाला पावसाआधी बदलते. सुया तेलाच्या फडक्यात. सुनेला सुई हातात देत नाही, जमिनीवर ठेवते. गावात नाव आहे माझं — टापटीप बघायची तर हिच्या घरी जा, म्हणतात. पोरी शिकायला येतात.

परवा सून गोधडीला बसली होती. तिला दिवस गेलेत, पण आत्ता शिवतेय ती आमचीच, मोठ्यांची. हातातलं काम थांबवून म्हणाली, "आत्या, येवढं सगळं तुमाला शिकवलं कुनी?"

मी म्हटलं, "माज्या आयनं."