समुद्रातून आलेला फोन उचलला कोणी?

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. जळगावजवळ पिंप्राळ्यात माझं ताडपत्रीचं दुकान आहे. एखादं भूत आलंच तर त्यालाही एक मोठी ताडपत्री गळ्यात मारीन आणि वर सांगेन, "रात्री पाऊस आहे राजा, पांघरून जा." तरी हे लिहितोय... कारण नव्वदचं दशक संपता संपता जे घडलं, ते अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

आधी धंद्याचं सांगतो. ताडपत्रीवाल्याला हवामान सांगावंच लागतं. कापसाची गाडी दुकानासमोर थांबली की मी आभाळाकडे बघून मान हलवायचो — "आज संध्याकाळी ठोकणार!" गाडीवाला घाबरून ताडपत्री घ्यायचा. पाऊस कधीच यायचा नाही. माझी ख्याती एवढी पसरली, की मी पाऊस सांगितला की तिकडे असोद्याच्या बाया बिनधास्त पापड वाळत घालायच्या.

आता दिलीप. माझा धाकटा चुलतभाऊ. माझे वडील लवकर गेले, तेव्हा धुळ्याला नानांनी, म्हणजे दिलीपच्या वडिलांनी, मला घरी आणलं आणि दोघांना एका ताटात वाढवलं. पुढे हा पठ्ठ्या मुंबईला शिकला आणि कुणा पैसेवाल्याच्या शिडाच्या बोटीवर नोकरीला लागला. धुळ्याचा माणूस, समुद्रात! ज्याने पांझरेत कधी घोट्याच्या वर पाणी पाहिलं नव्हतं!

आणि त्या बोटीवर सॅटेलाइट फोन. सुटकेसएवढा. बोटमालकाने गोव्यात हवामान सांगणारा एक माणूस ठेवलेला, पगारी. हे लोक भर समुद्रातून त्याला सकाळ-दुपार फोन लावणार आणि तो सांगणार — वारा कुठून, लाटा केवढ्या, शीड किती ठेवायचं. पगारी, बरं का! आम्ही इथे फुकट सांगतो तर लोक पापड वाळवतात.

मधूनच दिलीप तोच फोन धुळ्याला लावायचा. नाना टोपी घालून फोनजवळ बसायचे. आता फोनवर टोपी कोणाला दिसते, सांगा! अख्खी गल्ली गोळा. बोलणं झालं की माझ्याकडे वळून म्हणायचे, "दख, तुना भाऊ ढगसले फोन लाई ऱ्हायना. आन तू ढगसना नावे खोटं बोली ऱ्हायना!"

गल्ली खो खो हसायची. मीही हसायचो. आत मात्र जिनिंगला आग लागावी तसा कापूस जळत असायचा.

त्या मे महिन्यात दिलीपची बोट मस्कतहून कोचीकडे निघालेली. इकडे पिंप्राळ्यात रस्ता खोदताना केबल तुटली आणि माझ्या दुकानाचा फोन आठवडाभर मेलेला. ऊन असं, की कावळे सायकलच्या सावलीतून चालत होते. गिऱ्हाईक नाही, म्हणून दुकान बंद करून धुळ्याला गेलो. जेवायला आमरस. नाना माझ्या वाटीत वाढता वाढता म्हणतात, "दिलीपले लई आवडस." बस्स! हात धुतले आणि बंगईवर, म्हणजे ओसरीतल्या झोपाळ्यावर, आडवा झालो. खोटं कशाला सांगू — डोळे मिटताना मनात एकच होतं. बोट बुडू नये, पण दिलीपसाहेबांच्या अंगावर एक लाट तरी यावी. चांगली नाकातोंडात जाणारी.

उठलो तेव्हा शर्ट ओलाचिंब, ओठ खारट. घाम असणार, दुसरं काय.

पावसाळा लागल्यावर दिलीप घरी आला. मी तिथेच होतो. नानांच्या आधी तो माझ्या पाया पडला.

"भाऊ, त्या दिवशी तू नसतास तर मी आज नसतो."

"कुठे नसतो?" मी गोंधळलो.

"अरे, दुपारी गोव्याला फोन लावला. तर पलीकडून — बोल रे राजा, जळगाव ऐकी ऱ्हायनं!"

मी फोन उचलला की असंच ओरडतो. खानदेशात दुसरं कोणी ओरडत नाही.

"मी म्हटलं, भाऊ, तू कसा? तू ऐकूनच घेईनास. म्हणालास, वारा पडेल, फसू नको. उलटा येईल. कापड निम्मं उतार. वाऱ्याकडची बाजू आधी बांध."

वाऱ्याकडची बाजू आधी — हे मी ताडपत्री नेणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला सांगतो.

"आभाळ स्वच्छ होतं. मालक हसला. पण तुझा आवाज असा होता, की मी भांडून शीड निम्म्यावर आणलं. थोड्या वेळाने वारा खरंच पडला... आणि मग असा उलटा आला भाऊ, की उरलेल्या निम्म्या शिडाच्याही चिंध्या झाल्या. पूर्ण असतं तर बोट आडवीच झाली असती."

नाना माझ्याकडे बघत होते. ज्या नजरेसाठी मी जन्मभर जळलो, ती नजर! गप्प बसलो असतो तरी काम झालं असतं. पण तोंडातून निघून गेलं, "दिल्या, तो मी नव्हतो रे. माझा फोन तर बंद होता."

दिलीप हसत सुटला. "नाना, ऐकलं का? भाऊला विनय आला!"

घ्या. एवढ्या वर्षांत एकदा खरं बोललो, तर ही किंमत.

नाना मात्र हसले नाहीत. "कोन्ता दिन व्हता?" त्यांनी विचारलं. दिलीपने सांगितला. नानांनी बंगईकडे बोट दाखवलं.

"त्या दिन हाऊ आठेच झोपेल व्हता," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "झोपमा वरडी ऱ्हायंता तू. निम्मं उतार, निम्मं उतार... माले वाटनं, सपनमा बी ताडपत्र्याच इकी ऱ्हायना."

दिलीपचं हसू तिथल्या तिथे थांबलं.

तो शपथेवर सांगतो, नंबर गोव्याचाच फिरवला होता. गोव्याचा माणूस म्हणतो, त्या दुपारी आपल्याकडे फोन वाजलाच नाही. टेलिफोनवाल्या मित्राला विचारलं, तर त्याने माझ्या तोंडाचा वास घेतला. तुमच्यापैकी कोणाला उलगडा झाला तर जरूर कळवा. मला आजवर झालेला नाही.

दिलीपवर जळणं मात्र त्या दिवशी संपलं. आता मी दुसऱ्याच माणसावर जळतो — त्या दुपारी माझ्या झोपेत जो बोलला, त्याच्यावर. नाना होते तोवर धुळ्याला गेलो की मी मुद्दाम दुपारी त्या बंगईवर झोपायचो. नाना खुर्ची ओढून उशाशी बसायचे. टोपी घालून, कान देऊन.

मी डोळे उघडले की विचारायचो, "नाना, काही बोललो का?"

"नही. काहीच नही बोलना तो," म्हणायचे, आणि टोपी काढून खुंटीला लावायचे.