चौदा रकाने आणि एक गिंबल

खराडीतल्या आमच्या ऑफिसात त्या काळी एक साथ आली होती. पगार वाढला की माणूस फ्लॅट बघायचा, फ्लॅट झाला की गाडी, आणि गाडीची नवलाई ओसरली की डीएसएलआर कॅमेरा. मग दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे एकमेकांना खंड्याचे फोटो दाखवायचे. खंड्या बिचारा एकच असावा, कारण सगळ्यांच्या फोटोत तो एकाच वाळक्या फांदीवर बसलेला असे. मीही या साथीत सापडलो. दीडशे ते सहाशे मिलिमीटरची लांबलचक लेन्स घेऊन घरी आलो, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "तोफ आली वाटतं."

ती लेन्स मी बाबांसाठी घेतली होती. घरात हे सगळ्यांना कळत होतं आणि कोणीही बोलत नव्हतं.

बाबा हडपसरच्या एका कारखान्यात अडतीस वर्षं लेथ मशीनवर टर्नर होते. केसाच्या जाडीचा फरक त्यांच्या बोटांना कळायचा. निवृत्तीनंतर त्यांना पक्ष्यांचं वेड लागलं आणि ते छोटा कॅमेरा घेऊन कालव्याच्या कडेने हिंडू लागले. पण दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोळ्यांनी थरथर थोडी कमी झाली, थांबली नाही. एका बगळ्याचे फोटोत दोन बगळे दिसू लागले. आई त्यांचा चहाचा कप अर्धाच भरायची आणि "आज दूध कमी आलंय" म्हणायची. दोन वर्षं आमच्याकडे दूध कमी येत होतं. बाबा म्हणायचे, "कॅमेरा फार हलका आहे, म्हणून हलतो." मी म्हणालो, "मग जड घेऊ." अशी ती तोफ आली.

त्यांना फोटो हवा होता चक्रवाकाचा. हे नारिंगी रंगाचं बदक हिवाळ्यात येरवड्याच्या बाजूला नदीवर उतरतं आणि होळीच्या आसपास परत जातं. "एक तरी असा यायला पाहिजे, की पिसं मोजता आली पाहिजेत," असं बाबा म्हणत. पुढच्या हिवाळ्यात तो हात कसा असेल, हे डॉक्टरही सांगत नव्हते. म्हणजे जे काय करायचं ते याच हिवाळ्यात करायला हवं होतं.

लेन्स माझ्याकडच्या साध्या ट्रायपॉडवर लावून बघितली. त्याच्या डोक्यावर गोळा असतो, तो स्क्रूने आवळायचा. मी जीव खाऊन आवळला, गॅलरीत उभा केला आणि चहा आणायला आत गेलो. तेवढ्यात लेन्सने हळूहळू मान टाकली आणि ती समोरच्या इमारतीतल्या पहिल्या मजल्यावर स्थिरावली. दहा मिनिटांत फोन आला. "अहो, आपण पक्षी बघता म्हणे. आमच्या स्वयंपाकघरात कुठला आलाय?"

ऑफिसातल्या जाणकारांनी सांगितलं की लांब लेन्सला गिंबलच लागतं. गिंबल म्हणजे ट्रायपॉडच्या डोक्यावर बसवायचा एक कणा, त्याला लेन्स पाळण्यासारखी टांगायची. तोल एकदा साधला की एका बोटाने फिरवावी आणि सोडून द्यावी, जिथे सोडली तिथेच राहते. म्हणजे बाबांना वजन पेलायचं नव्हतं, नुसतं बोट लावायचं होतं. दोन मोठे नॉब पिळले की सगळं जागच्या जागी घट्ट.

एवढं कळल्यावर शहाण्या माणसाने दुकानात जाऊन ते आणलं असतं. मी सॉफ्टवेअर टेस्टर होतो. मी एक्सेल उघडलं.

अकरा गिंबल आणि चौदा रकाने. वजन, भार पेलण्याची क्षमता, बेअरिंग, रंग, रंग उडण्याची शक्यता. प्रत्येक रकान्याला टक्के दिले. डिसेंबर त्यात गेला. जानेवारीत मी ती फाइल टीममध्ये फिरवली, कारण चार जणांनी बघितल्याशिवाय आमच्याकडे काहीही बाहेर पडत नसे. जेवणाच्या सुट्टीत रीतसर बैठक बसली. एक जण म्हणाला, "बाकी ठीक आहे, पण नॉबच्या आकाराला तीस टक्के का दिलेस? रिक्वायरमेंट काय आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वडिलांचा हात थरथरतो, बारीक नॉब त्यांच्या बोटांत धरवत नाही, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "थंडीत हातमोजे घालून नॉब फिरवायला बरं पडतं."

पुण्यात हातमोजे! पण कोणी हसलं नाही. उलट "हातमोज्यांत पकड" असा पंधरावा रकाना सुचवला गेला आणि मी तो नम्रपणे नाकारला. फेब्रुवारीत दोन नवी मॉडेलं बाजारात आली, म्हणून मोजणी पुन्हा पहिल्यापासून केली. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "काय, लागला का निकाल?" मी म्हणायचो, "फायनल राउंड चालू आहे." ते वर्तमानपत्र उघडायचे आणि हात दिसू नये म्हणून ते मांडीवर पसरून वाचायचे.

मार्च उजाडल्यावर आम्ही एकदाचे शहरातल्या एका दुकानात गेलो. मालक काउंटरमागे बसून आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणून नव्हे, तर व्यत्यय म्हणून बघत होते. मी एक्सेलची छापील प्रत समोर ठेवली. त्यांनी ती चष्म्यावरून बघितली.

"आपल्याला फोटो काढायचे आहेत की गिंबलचं लग्न जुळवायचंय?"

मी पहिल्या नंबरचं मॉडेल मागितलं. त्यांनी ते ठेवलं, आणि मी काही बोलायच्या आत बाबांनी पुढे होऊन डाव्या हाताने त्याचा कणा धरला. डोळे मिटले. अगदी किंचित पुढे-मागे केला.

"प्ले आहे," बाबा म्हणाले. म्हणजे बेअरिंग सैल आहे.

"इम्पोर्टेड आहे, आजोबा."

"असेल. इम्पोर्टेड प्ले आहे."

मालकांनी प्रथमच खुर्ची सोडली. त्यांनी स्वतः हलवून बघितलं आणि आत जाऊन आणखी चार खोकी घेऊन आले. पुढचा अर्धा तास ते दोघं आणि ती खोकी, मी कुठेच नव्हतो. शेवटी बाबांनी जे बाजूला काढलं ते माझ्या यादीत नववं होतं. त्याचे नॉब लिंबाएवढे होते.

मालकांनी मला विचारलं, "वापरणार कोण?"

"मीच," मी म्हणालो.

"मग एवढे मोठे नॉब कशाला? याच्याहून सुटसुटीत आहे की."

"थंडीत हातमोजे असतात, म्हणून."

मालकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, मग वर गरगरणाऱ्या पंख्याकडे. "बरं," ते म्हणाले आणि खोकं बांधायला घेतलं. बाबा काचेतले कॅमेरे बघत उभे होते. मी त्यांच्या देखत, त्यांच्याच हाताबद्दल खोटं बोललो होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पार्किंगमध्ये स्कूटरवर मागे बसताना त्यांनी विचारलं, "हातमोजे कधी घेतलेस?" मी किक मारली.

रविवारी सकाळी आम्ही नदीकाठी पोचलो. जलपर्णीचा हिरवा गालिचा आणि नाकाला रुमाल लावायला लावणारा वास. पाण्यात शेकाटे होते, बगळे होते, म्हशी होत्या. चक्रवाक एकही नव्हता. म्हशीवाल्या काकांना विचारलं.

"ती तांबडी बदकं व्हय? गेली की. चार दिस झालं."

मी त्या काठावर मटकन बसलो. चार दिवस! मी रंग उडण्याच्या शक्यतेवर एक अख्खा आठवडा घालवला होता. स्वतःची एवढी चीड मला आयुष्यात आली नव्हती. आणि तिथे बसल्यावर मला स्वच्छ कळलं की मी गिंबल निवडत नव्हतोच. जोवर निवड चालू होती, तोवर बाबांच्या हाताला काही झालेलं नाही, असं मानायची सोय होती.

बाबा मात्र ट्रायपॉड उभा करत होते. मी घरून तोल साधून आणला होता, पण त्यांनी लेन्स सहाशेपर्यंत पुढे काढली आणि तिने नाक खाली घातलं. "ज्या लांबीवर काम करायचं, त्याच लांबीवर बसवायचं असतं," ते म्हणाले. "एवढं तुमच्या कॉम्प्युटरात नव्हतं का?" त्यांनी डाव्या हाताने लेन्सखालची पट्टी मागे सरकवली, पुन्हा थोडी पुढे घेतली, उजव्या हाताने लिंबाएवढा नॉब पिळला. मग एका बोटाने लेन्स नदीवरून फिरवली आणि सोडून दिली. ती राहिली.

"बाबा, माझ्यामुळे बदकं गेली," मी म्हणालो.

"जाऊ देत. तू तिकडे जाऊन उभा राहा."

"मी?"

"मग काय म्हशीला सांगू? जा, लांब जा. या तोफेत जवळचं माणूस मावत नाही."

मी काठाकाठाने चालत निघालो. बरंच चाललो, एका बाभळीपाशी थांबलो आणि वळून बघितलं. बाबा लेन्समागे वाकलेले होते, एवढेसे दिसत होते. त्यांनी उजवा हात वर केला. तो हलत होता. मला कळेना. मी एक पाऊल मागे गेलो, हात हलतच होता. दोन पावलं पुढे आलो, तरी हलत होता. मागे जा म्हणताहेत, पुढे ये म्हणताहेत, की काहीच म्हणत नाहीयेत? विचारल्याशिवाय इलाज नव्हता, आणि दोन वर्षं घरात जे कोणी पुटपुटलंही नव्हतं ते मी नदीकाठावर बेंबीच्या देठापासून ओरडलो, "बाबा, बोलावताय की हात थरथरतोय?"

तिकडून अडतीस वर्षं मशीनच्या आवाजावर चढलेला आवाज आला, "हात थरथरतोय! तू हलू नकोस!"

त्या फोटोत माझं तोंड उघडं आहे, डोळे ओले आहेत, आणि पापण्या मोजता येतात.