अक्कांच्या देखत विचारलेला प्रश्न

धुळ्याहून टांगा निघाला तेव्हा पिशवीत छापील प्रश्नांचा गठ्ठा, फिरकीचा तांब्या आणि लिंबाचे लोणचे होते. धुळ्याच्या मंडळींना वर्गणीतून सोनगीरला एक शिकलेली नर्स ठेवायची होती. बायका तिला बोलावतील का, ही पाहणी माझ्याकडे आली. गावाने नको म्हटले तर नर्स दोंडाईच्याला जाणार होती.

आग्रा रस्त्यावरून किल्ला दिसू लागला. चावडीपुढे निंबाखाली माणसे जमलीच होती. सगळे एका जागी भेटले, की काम लवकर उरकते, म्हणून तिथेच सुरुवात केली.

"नर्स कसाले? आमनी अक्का शे ना!" एक भाऊ म्हणाले. बठ्ठा (सगळा) घोळका हो म्हणाला. अक्का म्हणजे गावची सुईण. त्या चावडीच्या ओट्यावर गप्प बसून होत्या. मग मी घरोघर गेले, तरी सगळ्या घरादेखत उत्तर तेच. अक्कांच्या नातसुनेने, सगुणानेही मान हलवली. तिला आठवा महिना होता.

मुक्काम अक्कांकडेच. सकाळी अंगणात बिबड्या (ज्वारीचे पापड) घालायच्या होत्या. मीही ओल्या कापडावर थापायला बसले.

"हाई बिबडी शे का गोधडीनं ठिगळ?" सगुणा हसली.

अक्का हसल्या नाहीत. तळव्याने कापड चाचपत त्यांनी आपली बिबडी नेमकी माझ्या बिबडीवर थापली.

"अक्का, दिसत नाही का?" मी हळूच विचारले.

"नही दिखस, बाई. हातनी सवयवर चालस. पन हाई पोरनं बाळतपन... माले भ्याव वाटस."

"मग चावडीवर बोलला का नाहीत?"

"बठ्ठा मनं नाव लेतस. माले लाज वाटनी."

सगुणाचे हात थांबले. "अक्का, तुमले वाईट वाटी म्हनीसन मी नको म्हनी."

मी पद्धत बदलली. घोळक्यात विचारणे बंद केले. एकेका बाईला तिच्या परसात गाठायचे, आणि 'नर्स हवी का' ऐवजी 'मागच्या बाळंतपणात काय झाले' एवढेच विचारायचे. अक्का स्वतः माझा हात धरून बरोबर आल्या. दारातच सांगत, "मना डोया (डोळे) ग्यात. खरं सांग." बायका बोलू लागल्या, काही रडल्याही.

बायकांचे बोलणे मी धुळ्याच्या मंडळींना सांगितले आणि त्यांनी नर्स सोनगीरलाच ठेवायचे ठरवले. नर्सला पोचवायला मीच पुन्हा गेले. अक्कांनी तिचा हात धरून सगुणाच्या पोटावर ठेवला.

"बाळ आडवं शे का, तू सांग."

"नाही अक्का, डोकं खाली आहे."

अक्का पदराने तोंड पुसू लागल्या.

परतीच्या गाडीत अहवाल लिहिला. गावाने आधी नको का म्हटले, हेही त्यात लिहिले. गाव खोटे बोलले नव्हते. गावाने एका म्हातारीचा मान राखला होता. तो मान अक्कांनी आपण होऊन बाजूला ठेवला, म्हणून माझी पाहणी खरी झाली. त्यांचे हे उपकार माझ्यावर आहेत.