मेलेल्या बाईचा दात

एकदा मी फोनवर स्वतःला मारून टाकलं. नाक दाबून नातीचा आवाज काढला आणि सांगितलं, "आजी गेली हो, मागच्याच महिन्यात." सदुसष्ट वर्षांची अल्लड पोरगी होते मी! अक्कलदाढा काढून झाल्या होत्या, अक्कल यायची होती.

फोन डॉक्टर वैशालीचा होता. कॉलेज रोडवर तिचा दवाखाना. माझ्या पुढच्या दाताचं जुनं रूट कॅनाल बिघडून मुळाशी पू झाला होता. बाकीचे म्हणाले, उपटून टाका. हिने हिरडी उघडली, मायक्रोस्कोपखाली मुळाचं टोक कापलं आणि तिकडूनच बुजवलं.

बाई एका जागी ठरत नसे. चहा उभ्यानेच, बसली तर पाय हलायचा. टाके निघाले तेव्हा ठणका पार गेलेला. मी पेढे नेले. तिने हातही लावला नाही. "काकू, दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही. हाड भरू दे."

वर्षाने एक्स-रेतला काळा डाग गेला. मी पुन्हा पेढे नेले. "हा पहिल्या वर्षाचा निकाल. वर्षभर बरेच टिकतात, त्यातले काही पुढे बिघडतात. पाच वर्षांनी बोलू." पेढा डब्यातच.

मग दरवर्षी तिचा फोन. दुखत नसताना कोण जातं? खरं सांगू? भीती वाटायची. डाग परत दिसला तर दात जाणार, तोही समोरचा. जीभ सारखी तिथेच चाचपायची. कधी भाचीचं लग्न सांगितलं, कधी सिन्नरची लेक. पाचव्या वर्षी कारणं संपली, म्हणून मेले.

त्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात वैशाली. डोळे लाल, हातात माझी फाइल. मी चिक्की खात होते, त्याच दाताने.

ती मटकन पायरीवर बसली. पाय हलत नव्हता. मी तिच्या हातातली फाइल उघडून पाहिली, तर शेवटची ओळ होती : 'काकू गेल्या. दात शेवटपर्यंत टिकला का, विचारायचं राहिलं.'

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ही उठून तोंडातच डोकावली! तशीच स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. नवा एक्स-रे काढून तो उजेडासमोर धरून ती कितीतरी वेळ बघत राहिली. माझी जीभ दातावर. मुळाभोवती हाड भरलेलं होतं, डाग कुठेच नव्हता.

तिने ती ओळ खोडली आणि म्हणाली, "आणा तो पेढा. आणि काकू, पुढच्या वेळी मरायचं ठरवलंत, तर आधी एक्स-रे काढून जा."