वळणावर उचलणारं चाक

माझ्या गाडीला तीन चाकं आहेत हे सगळ्यांना दिसतं. ती मोटारसायकल आहे, हे मात्र मलाच सांगावं लागतं. कुणी तिला रिक्षा म्हणतं, कुणी टेम्पो, आणि आमच्या गल्लीतली एक बाई तर सरळ "तुमचा गाडा" म्हणते. तिला भाकरी देताना मी कडेला करपलेली बघून देते. लहानपणी पोलिओने माझा उजवा पाय अधू झाला, त्यामुळे दोन चाकांवर तोल सांभाळणं जमत नाही. म्हणून मागे एकाच्या जागी दोन चाकं लावून घेतली, मागचा ब्रेक हाताशी आणला, सीटमागे पत्र्याची पेटी बसवली आणि माझ्या कडक भाकऱ्या सोलापूरभर खानावळींतून फिरायला लागल्या.

सगळं छान होतं, फक्त वळण सोडून. दोन चाकांची गाडी वळताना आत कलते. माझी ताठच राहायची आणि मला बाहेर ढकलायची. डावीकडे वळले की मागचं डावं चाक जमीन सोडायचं. मीच अंग डावीकडे झोकून त्याला खाली बसवायची. एका दुपारी बाजारातल्या वळणावर अचानक हातगाडी आडवी आली, मी हँडल जरा जास्तच ओढलं, आणि गाडी उजवीकडे आडवी झाली. मी खाली, पेटी उघडी, भाकऱ्या रस्ताभर. लोकांनी आधी भाकऱ्या गोळा केल्या, मग मला. दोघांनी काखेत हात घालून पोतं उचलावं तसं उचललं. खरचटलं होतं थोडंच, पण त्या उचलण्याचा इतका राग आला की भर बाजारात रडू फुटलं.

संध्याकाळी दादा आला. माझा थोरला भाऊ, दोन गल्ल्या पलीकडे राहतो. त्याच्या आवाजात राग कमी होता आणि भीती जास्त.

"बास झालं आता. गाडी विकू. भाकऱ्या माझा माणूस रिक्षानं पोचवंल. तू घरी बस."

माझ्यावर जीव लावणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी मला हेच सांगितलंय. घरी बस. एवढी वर्षं धडपडून मी जे काही मिळवलं, ते घरी न बसणं हेच. मी म्हटलं, "दादा, एकदा दुरुस्त करून बघते. मग तू माझ्या मागं बस, मी त्याच वळणावर वळवून दाखवते. भीती वाटली तर खुशाल विकून टाक." त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. मग "बरं" म्हणाला, पण कधीच गिऱ्हाईक बघून ठेवल्यासारखं.

अक्कलकोट रस्त्याला एक गॅरेज आहे. तिथल्या मिस्त्रींचा जन्म उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करण्यात गेलेला. आमच्या जिल्ह्यात कुठल्याही गाडीत तिला झेपेल तेवढंच भरायची पद्धत नाही. त्यामुळे दारात कुठलीही गाडी आली की पहिला उपाय ठरलेला, पाटा वाढवायचा. चाकांच्या एक्सलवर स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात, ते पाटे.

"आक्का, एक पाटा वाढवतो. हत्ती बसवला तरी गाडी दबायची न्हाय."

आणि मी, याच मातीतली शहाणी, म्हणाले, "दोन वाढवा."

गाडी चार बोटं उंच आणि नव्या जावयासारखी ताठ झाली. डुलणं बंद. पण प्रत्येक खड्डा आता थेट माझ्या मणक्यात, आणि तिथून भाकऱ्यांत. कडक भाकरी कितीही दिवस टिकते, धक्का सोसत नाही. एका खानावळवाल्याने पेटी उघडून आत पाहिलं. "चुरा तुमीच करून द्यायला लागलात व्हय? बरं झालं, गिऱ्हाईकाचं काम वाचलं." त्याहून वाईट म्हणजे वळणावर चाक आधीपेक्षा लवकर उचलायला लागलं, आणि न सांगता. पूर्वी गाडी आधी एका अंगाला दबायची, सूचना तरी द्यायची. दादाला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी गाडी गेलीच असती.

मग एकदा ज्वारीची पोती पेटीत आडवी टाकून घरी येत होते. डोक्यात भलतेच विचार, त्या नादात बाजारातलं वळण घेऊन पुढेही आले. तेव्हा लक्षात आलं की तिन्ही चाकं जमिनीवरच राहिली होती. गाडी कडेला घेतली आणि तशीच बसून राहिले. खाली वजन होतं तेव्हा गाडी शहाणी. रिकामी असली की नाचते. म्हणजे माझं दुखणं ओझ्याचं नव्हतंच, हलकेपणाचं आणि उंचीचं होतं.

तडक गॅरेज गाठलं. "माझ्या पेटीत ऊस नसतो, भाकऱ्या असतात. गाडी वर उचलू नका, खाली बसवा."

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "व्हय की! वजनच न्हाय तर पाटा दबंल कशाला?" आणि आम्ही दोघंही आपल्याच येडेपणावर पोट धरून हसलो.

मग दिवसभर वाद, चहा आणि वेल्डिंग. वाढवलेले पाटे काढलेच, मूळचाही एक मी काढायला लावला. एक्सलच्या वर बांधलेले पाटे मिस्त्रींनी खालून बांधले, त्याबरोबर सगळी गाडी वीतभर खाली आली. चेन नव्याने जुळवावी लागली. चाक उड्या मारू नये म्हणून दोन्हीकडे मऊ शॉकअप लावले. शेवटी मिस्त्री भंगारातल्या एका मोटारीचा वाकडा बॅलन्स रॉड घेऊन आले. "ह्यो दोनी बाजू बांधून ठिवतो. एक बाजू दबली की दुसरीलाबी खाली वढतो." संध्याकाळी सीटवर बसले तर माझा डावा पाय जमिनीवर पुरता टेकला. तेव्हाच मला कळलं की आपण जिंकलो. पण दादाला कळायचं होतं.

रविवारी सकाळी, बाजार भरायच्या आधी, तो मागे बसला. माझा खांदा त्याने असा धरला होता, जणू मीच पळून जाणार आहे. पहिल्यांदा वळण सावकाश घेतलं. "एवढंच?" तो म्हणाला, पण बोटं ढिली झाली नाहीत. चौकातून फिरून परत आले, या वेळी वेग कमी केला नाही. दादाची नखं रुतली. खाली रॉडने गाडीला धरलेलं मला कमरेत जाणवलं, डावं चाक रस्ता सोडेना, आणि परातीत हाताखाली भाकरी फिरावी तशी गाडी जागच्या जागी फिरली. मी मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण एक चहावाला हातातली किटली घेऊन बघत राहिला.

तिसऱ्यांदा त्याच वळणातून बाहेर पडले तेव्हा खांदा मोकळा होता. घाबरून आरशात पाहिलं. दादा मागे आरामात बसून फोनवर वहिनीशी बोलत होता.

"नाष्ट्याला थांबू नकोस. आमी मोहोळला चाललोय."

पस्तीसेक किलोमीटरवरच्या मोहोळचं मी एका शब्दानंही बोलले नव्हते. मी गाडी हायवेकडे वळवली.