गाळलेली लहर

कर्वेनगरातील आमच्या सोसायटीने माझी गच्चीवरील रेडिओची तार उतरवण्याचा ठराव केला, तेव्हा मी चिटणीसांना रीतसर लिहिले: परवाना केंद्र सरकारचा आहे, तो गुंडाळण्याचा अधिकार चहा-बिस्किटांच्या बैठकीला नाही. विधुर, निवृत्त माणसाला ती तार म्हणजे बोलायला उरलेली एकमेव जागा होती.

तक्रार खालच्या मजल्यावरची. घरोघर संगणक येण्याचे ते दिवस. नागपूरकडचा तरुण अभियंता दारात येऊन म्हणाला, "काका, रोज संध्याकाळी तुमचा आवाज आमच्या स्पीकरमधून येऊन राहिला ना! बायको घाबरते."

यात चमत्कार नव्हता. लांब पल्ल्यासाठी आम्ही हौशी रेडिओवाले बोलताना आवाज वाहून नेणारी मूळ लहर गाळून टाकतो, शक्ती वाचते. ऐकणाऱ्याने ती आपल्या संचात परत मिसळायची. स्पीकर ती कुठून आणणार? त्यातून उमटते ते शब्द नसलेले बोलणे, गळा दाबलेल्या माणसासारखे. परंतु तो माणूस मीच, हे कोणी सिद्ध केले? हलकी वायर कोणाचेही प्रक्षेपण पकडते.

"मग तो आपण नाही, हे दाखवा की," चिटणीस म्हणाले. "आपलं भाषण आम्हांला घरपोच नकोय."

त्यांच्यादेखत मी संचाची वीज तोडली, तार सोडवली, खोलीला कुलूप लावून किल्ली त्यांच्या हाती दिली. आम्ही खाली त्या तरुणाच्या घरी जाऊन बसलो.

चहा संपता संपता स्पीकर बोलू लागला.

"ऐका!" मी ताडकन उठलो. "किल्ली आपल्या खिशात आहे, साहेब. आता काढा माझी तार!"

आणि खाली बसलो. शब्द नव्हतेच, पण चाल होती. तीनदा एकच हाक. खाकरणे. उत्तरासाठी थांबणे. मग नियमाप्रमाणे स्वतःचे ओळखचिन्ह, सावकाश, एकेक अक्षर सुटे करून. खाकरण्यासकट असे बोलणारा माणूस मला एकच ठाऊक आहे.

ठराव मागे घेतला गेला. तसे मी लेखी मागून घेतले. तार गच्चीवर आहे. संच मी त्यानंतर जोडलेला नाही.

परवा तो तरुण जिन्यात भेटला.

"तो आवाज तुमचा नाही, हे चिटणीस मानोत, मी नाही मानत," तो हसत म्हणाला. "काल मात्र मजा आली, काका. तुम्ही थांबले, आणि दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज आला. उत्तर मिळालं वाटते तुम्हाला."